तालमीतल्या पुतण्यास पत्र

राजूर, ता. भोकरदन, जि. जालना

चि. बाळास,

तू फोनवर आईशी जे बोललास ते घरात सगळ्यांना कळलं आहे. पावसाळ्यात तू कोल्हापूरला गेलास, आता इकडे ज्वारी हुरड्यावर आली. तुझी तक्रार एकच आहे. रोज पहाटे मातीच्या हौद्यात उतरायचं आणि रोज खाली जायचं. तुझ्यानंतर तालमीत आलेला, तुझ्याहून वयाने लहान पोरगा तुझा पट काढतो आणि तुला कळायच्या आत तुझी पाठ मातीला लागलेली असते. वस्ताद रागावतही नाहीत, आणि त्याचंच तुला जास्त लागलं आहे. ‘माझ्यात नाहीच ते’ असं तू म्हणालास. आजीने लगेच धोशा लावला की लेकराला घरी आणा. हे सगळं फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखं नाही, म्हणून काका पत्र लिहितो आहे. एका बैठकीत वाचलं नाही तरी चालेल.

२०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरी स्पर्धा आपल्या जालन्यात झाली होती. तू तेव्हा लहान होतास, पण गावात त्या कुस्त्यांच्या गप्पा किती दिवस चालल्या होत्या ते तुला आठवत असेल. या स्पर्धेत एक विभाग मातीवरचा असतो आणि एक गादीवरचा, आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात. त्या वर्षी मातीवरून आला बाला रफिक शेख. मूळचा करमाळा तालुक्यातल्या खडकीचा, पण खेळत होता आपल्या शेजारच्या बुलढाण्याकडून. कोल्हापुरात तो गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली तयार झाला होता. आंदळकर म्हणजे १९६० चे हिंदकेसरी आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदकविजेते. जालन्याच्या स्पर्धेआधी तीनच महिने, सप्टेंबरात, ते गेले. गादीवरून आला होता पुण्याचा अभिजित कटके, आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी. बालाने ती कुस्ती ११-३ अशी जिंकली आणि मानाची गदा खांद्यावर घेतली.

गदा घेतलेल्या मल्लाचा फोटो घरोघर पोचतो. तू मात्र जरा कटकेकडे बघ. २०१६ साली तो अंतिम फेरीत आला आणि विजय चौधरीकडून हरला. विजयची ती सलग तिसरी गदा होती. २०१७ साली भूगावला त्याने किरण भगतला हरवून गदा मिळवली. २०१८ साली जालन्यात हजारो लोकांसमोर ती गेली. आणि २०२३ च्या जानेवारीत हैदराबादला हाच अभिजित कटके हिंदकेसरी झाला. जालन्यातली हार आणि हैदराबादची जीत यांच्यात चार वर्षं आहेत. त्या चार वर्षांतल्या रोजच्या लढतींत तो किती वेळा वर होता आणि किती वेळा खाली, याची नोंद कुणाकडेही नाही. ती कुणी मागतही नाही.

गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. सहा मिनिटांत निकाल लागतो, पंच हात वर करतात. हा निकाल त्या कुस्तीपुरता असतो. तू मात्र रोज पहाटेच्या सरावालाच अंतिम फेरी करून टाकली आहेस, आणि तिथला निकाल आपल्या सगळ्या जन्माला लावतो आहेस. लढत हा शब्द तालमीत रोजच्या सरावासाठी वापरतात. तिथे डाव करून बघायचे असतात, फसू द्यायचे असतात. जो पोरगा रोजच्या लढतीत फक्त जिंकायला बघतो तो हळूहळू जमणारे दोनच डाव करायला लागतो, आणि पुढे त्याची तोड कुणाला सापडली की त्याच्याकडे तिसरं काही उरत नाही.

तुझ्या ताईचं उदाहरण घे. ती इथे शाळेत कराटे शिकते. परवा तिला पिवळा पट्टा मिळाला आणि घरात पेढे आले. ज्यूदो-कराटेत पायऱ्या ठरलेल्या असतात. कुठल्या पट्ट्याला काय यायला हवं ते लिहिलेलं असतं, आणि शिकणाऱ्याला आपण कुठवर आलो ते कमरेला बांधून दाखवता येतं. कुस्तीत पट्टा नाही. कुस्तीत मोजमाप एकच, समोरचा माणूस. आणि समोरचा माणूसही तुझ्यासारखाच पहाटे उठतो, तेवढ्याच बैठका मारतो, त्याच वस्तादांकडून शिकतो. तू चार बोटं पुढे सरकलास तर तोही चार बोटं सरकतो, आणि तुम्हा दोघांमधलं अंतर होतं तेवढंच राहतं. तुला वाटतं आपण जागेवरच आहोत. खरी वाढ बघायची तर पावसाळ्यातल्या तुला आणि आजच्या तुला एकमेकांसमोर उभं करायला हवं, आणि ते फक्त वस्तादांच्या डोळ्यांना दिसतं. ते रागावत नाहीत यामागे हेच कारण असण्याची शक्यता जास्त आहे.

खाशाबा जाधवांचं नाव तू तालमीच्या भिंतीवर रोज वाचत असशील. त्यांच्या पदकाची गोष्ट सगळे सांगतात, त्याआधीच्या चार वर्षांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा अंगाने किरकोळ होता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात असताना वार्षिक स्पर्धेत त्याला घ्यायलाच आधी नकार मिळाला होता, तो त्याच्या अंगकाठीकडे बघून. प्राचार्य खर्डेकरांनी परवानगी दिली आणि तो जिंकला. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने तो लंडन ऑलिंपिकला गेला. तोवर सगळी कुस्ती मातीवरची. मातीत पाठ लागली की कुस्ती संपली, हा एकच नियम अंगात मुरलेला. लंडनला पायाखाली गादी, डोक्यावर घड्याळ आणि बाजूला कौल देणारे पंच. त्या परक्या खेळात ५२ किलो गटात तो सहावा आला.

सहावा आलेला माणूस दोन गोष्टी करू शकतो. गादी आपली नाही म्हणून मातीत परत जायचं, नाहीतर नवशिक्यासारखं गादीवर उभं राहायचं. बावीस वर्षांच्या, कोल्हापूर परिसरात नाव झालेल्या पैलवानाला दुसरी गोष्ट फार जड जाते. नवशिका व्हायचं म्हणजे रोज चुकायचं, आणि ज्यांना आपण मातीत सहज पाडतो त्यांच्यासमोर चुकायचं. खाशाबांनी ते केलं. चार वर्षं केलं, वजनाचा गटही वरचा घेतला. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा याच खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या इशीशी झालेली कुस्ती लांबली, तीत ते हरले, आणि लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लासमोर उतरवलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये मिळायला हवी ती विश्रांती मागायला आपला कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता. तीही कुस्ती गेली. तरीही कांस्यपदक त्यांचं होतं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्तीत भारताला पुढचं पदक मिळायला २००८ साल उजाडलं.

बाळा, काकाला या गोष्टीत पदकाइतकंच मोलाचं वाटतं ते लंडनचं सहावं स्थान. ते खाशाबांनी लपवलं नाही आणि डोक्यावर घेऊन मिरवलंही नाही. काय येत नाही याची यादी म्हणून ते वापरलं.

आता थोडं तुझ्या शरीराबद्दल. गेल्या वर्षभरात तू किती उंच झालास ते दाराच्या चौकटीवरच्या खुणा सांगतात. मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण चौदाव्या वर्षाच्या आसपास, आणि तीही एकसारखी नाही. आधी हातपाय लांबतात, धड मागून येतं. ज्या पायांवर तू आजवर तोल सांभाळत होतास ते पाय आता वेगळ्या लांबीचे आहेत. मेंदूला त्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो, आणि तो बसेपर्यंत चांगली चपळ मुलंही काही काळ अवघडलेली दिसतात. तो लहान पोरगा अजून वाढीला लागलेला नाही, ठेंगणा आहे, त्याचा भार जमिनीजवळ आहे. तुझ्या लांब पायांत शिरणं त्याला सोपंच जाणार. यात तुझा दोष काय?

दुसरी गोष्ट स्नायूंची. मेहनतीने स्नायू लवकर भरतात. पण स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या चिवट दोऱ्या असतात, डॉक्टर त्यांना कंडरा म्हणतात, त्या फार सावकाश बळावतात. दंड फुगला म्हणून खांदा तयार झाला असं होत नाही. जोर-बैठकांचा आकडा आठवड्यात दुप्पट करणारी मुलं याच फरकात अडकतात आणि गुडघा किंवा खांदा धरून महिनाभर बसतात. आणि झोप. शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते, हे मेंदूच्या अभ्यासकांनी अनेकदा तपासलं आहे. रात्री मोबाइलवर कुस्त्यांचे व्हिडिओ बघत जागलास तर पहाटे शिकलेलंच पुसट होतं.

एक प्रयोग मात्र नीट समजून घे. १९७९ साली अमेरिकेत शे आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी तो केला. हातात टेनिसचा चेंडू धरून छोट्या लाकडी फळ्या ठरलेल्या क्रमाने झटपट पाडायच्या, असे तीन वेगवेगळे क्रम होते. एका गटाने एक क्रम घोटला, तो झाला की दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या गटाला तिन्ही क्रम उलटसुलट मिसळून दिले. सराव चालू असताना पहिला गट सफाईदार दिसत होता, दुसरा अडखळत होता. दहा दिवसांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा अडखळणाऱ्या गटाला जास्त येत होतं. नंतर इतर कौशल्यांवरही असे प्रयोग झाले, आणि अनेकदा हेच दिसलं की सरावात वाईट दिसणं आणि कमी शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझे वस्ताद तुला रोज नव्या जोडीबरोबर लढवतात, एक डाव हाताशी येतोय असं वाटतानाच दुसरा दाखवतात, म्हणून तू चिडतोस. तेच चालू राहू दे.

सुरुवातीला जे दिसतं त्यावरून निकाल लावू नये, ही गोष्ट आपण ज्या गावात राहतो तिथल्या कथेतही आहे. अंगारकीला रात्रभर पायी चालत येणारी माणसं तू लहानपणापासून बघितली आहेस. गजाननाने वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली ती इथे, राजूरला, अशी आपल्याकडची श्रद्धा. पण त्याआधीचा भाग कीर्तनातसुद्धा कमी येतो. गणेशपुराणातली कथा अशी की वरेण्याच्या राणीच्या कुशीत गजानन बाळ म्हणून आला तेव्हा त्याचं रूप बघून राजा घाबरला आणि त्याने त्याला रानात सोडून द्यायला लावलं. पराशर ऋषींनी त्याला वाढवलं. पुढे त्याच गजाननाने सिंदूरासुराला मारलं, आणि मग त्याच्यासमोर हात जोडून वरेण्याने उपदेश मागितला. जन्माला आल्या आल्या जे दिसलं त्यावरून राजाने निकाल लावला होता. तू काही महिन्यांच्या पैलवानाकडे, म्हणजे स्वतःकडे, तसंच बघतो आहेस. स्वतःसाठी वरेण्य व्हायचं की पराशर, हे तुझ्या हातात आहे. वस्ताद तर तुझे पराशर झालेच आहेत.

मराठवाड्यातून कोल्हापूर-पुण्याच्या तालमींत गेलेला तू पहिला नाहीस. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडले आणि १९७० साली एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आले. पुढे ते स्वतः वस्ताद झाले, आणि पुण्यात त्यांच्या हाताखाली बीडच्या पाटोद्याचा राहुल आवारे आला. राहुलची गोष्ट तू मनात ठेव, कारण ती वाट बघण्याचीच गोष्ट आहे. २००८ साली पुण्याच्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत त्याने सुवर्ण घेतलं. सगळ्यांना वाटलं, आता हा थांबत नाही. २०११ साली बिराजदार गेले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला त्याच्या गटातून दुसरा मल्ल गेला. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुलला दुसरा. २०१६ च्या रिओला दुसरा. वस्ताद काका पवारांच्या तालमीत त्याचा सराव चालूच होता. २०१८ साली गोल्ड कोस्टला त्याला संधी मिळाली आणि त्याने कॅनडाच्या ताकाहाशीला १५-७ ने हरवून सुवर्ण घेतलं. ते त्याने बिराजदारांना अर्पण केलं. पुढच्या वर्षी नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. युवा स्पर्धेतल्या सुवर्णापासून राष्ट्रकुलच्या सुवर्णापर्यंत दहा वर्षं गेली. ऑलिंपिक त्याला मिळालं नाही, हेही खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. धीर धरला की सगळं मिळतं असं काका तुला सांगणार नाही. धीर धरला तर आपल्या अंगात जेवढं आहे तेवढं बाहेर यायला वेळ मिळतो, इतकंच.

धीर म्हणजे सुस्ती असं मात्र समजू नकोस. पहाटेची हजेरी चुकायची नाही, हौदा खणायचा, बैठका पुऱ्या करायच्या. हे सगळं जोमाने करायचं आणि फळाची तारीख आपण ठरवायची नाही. उतावीळपणा कुठे नेतो ते मोठ्या मुलांच्या बोलण्यातून तुझ्या कानावर येईलच. कुणी सांगेल, सुई घे, दोन महिन्यांत अंग भरतं. वाढत्या वयात ही औषधं घेतली की हाडांच्या टोकाच्या वाढीच्या पट्ट्या वेळेआधी मिटू शकतात आणि उंची तिथेच थांबू शकते. काळजाला आणि यकृताला होतो तो धोका वेगळाच. कुणी सांगेल, पाणी तोड, घाम काढ, खालच्या गटात खेळ. १९९७ साली अमेरिकेत महिनाभराच्या आसपासच्या काळात तीन कॉलेजातले कुस्तीगीर असंच वजन उतरवताना मेले. ती मुलं आळशी नव्हती, त्यांना घाई होती. तिथले नियम त्यानंतर बदलले. तुझ्या वयाला गट सोडून खाली जायचं कारणच नाही; अंग वाढेल तसं वर जायचं. असा सल्ला कुणीही दिला, कितीही मोठ्या पैलवानाने दिला, तरी आधी वस्तादांना आणि त्याच दिवशी घरी सांगायचं.

आता करायचं काय ते लिहितो. शंभर पानी वही घे. त्यात जिंकलो-हरलो लिहायचं नाही. रोज एक ओळ: आज नेमका कुठे सापडलो. पट निघाला तर कुठला पाय पुढे होता, डोकं वर होतं का, हात कुठे होते. चार-सहा आठवड्यांत त्याच त्या दोन-तीन ओळी पुन्हा पुन्हा दिसतील. त्या घेऊन वस्तादांकडे जा आणि हे असं का होतं, एवढा एकच प्रश्न विचार. काकाला जेवढं कळतं त्यावरून तू उंचीमुळे ताठ उभा राहतोस आणि तो खाली शिरतो. तो शिरला की पाय मागे फेकून छातीचा भार त्याच्या पाठीवर टाकायची सवय लागेपर्यंत बाकी डाव बाजूला ठेवले तरी चालतील. पण वस्ताद वेगळं म्हणाले तर वस्तादांचंच ऐक.

आणि त्या लहान पोराला विचार, तू कसा शिरतोस ते दाखव म्हणून. लाजू नकोस. तो आनंदाने दाखवेल, आणि तुझ्या उंचीपुढे त्यालाही कुठेतरी अडचण होत असेल, ती तू त्याला सांग. तालमीत जोड म्हणतात ती अशीच तयार होते.

परत यायचं की नाही, हे नववीची परीक्षा होईपर्यंत ठरवायचं नाही, असं तुझ्या बाबांचं आणि काकाचं बोलणं झालं आहे. उन्हाळ्यात घरी ये, आपण शांतपणे बसू. तोवर तुला कुस्ती आवडेनाशीच झाली असेल, पहाटे उठताना मन मागे ओढत असेल, तर घरचं कुणी तुला एका शब्दाने बोलणार नाही. मात्र नुसतं जमत नाही म्हणून सोडायचं असेल तर त्याला हे काही महिने पुरेसे नाहीत. आजीला हे सगळं समजावलं आहे; तिला पुरतं पटलेलं नाही. तू तिला एकदा स्वतः फोन कर, आणि हरण्याचं सांगण्याऐवजी जेवलास काय ते सांग.

डावा कान सुजल्याचं आई म्हणत होती. त्याची हयगय नको. आत साचलेलं रक्त घट्ट झालं की कान कायमचा तसाच राहतो, म्हणून सूज आली त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि ते सांगतील तितके दिवस हौद्यात उतरायचं नाही. तुपाचा डबा आणि दोन किलो बदाम येत्या आठवड्यात पोचतील. सगळे तुझ्या एकट्यासाठी नाहीत, खोलीतल्या मुलांनाही दे. वस्तादांना आमचा नमस्कार सांग. तुझ्या ताठ उभं राहण्याबद्दल ते काय म्हणाले ते उलट पत्री कळव.

तुझा,
काका